काचेतलं आभाळ

“मोजू नकोस आता,” ताई म्हणाली. तरी प्रोफेसरने वहीत सातवी रेघ ओढलीच.

सुट्टी लागल्यापासून ताई, तिचा धाकटा भाऊ भुंगा आणि मावसभाऊ प्रोफेसर रोज पहाटे तळ्याकाठी पक्षी बघायला जात. भुंगा सतत गुणगुणायचा आणि प्रोफेसर दिसेल ते टिपून ठेवायचा, म्हणून ही नावं. पहिल्या आठवड्यात पानं पुरत नव्हती. मग पक्षी कमी होत गेले. ऊन वाढलं की जातात कुठेतरी, असं घरच्यांनी सांगितलं.

त्या सकाळी मात्र तळ्यासमोरच्या नव्या वाचनालयामागे झाडूवाल्या मावशी पोतं ओढताना दिसल्या. पोत्यातून पिवळाधमक पंख डोकावत होता. ताईने विचारलं तशी मावशींनी आजूबाजूला बघून पोतं उघडलं. आत दोन हळदे होते आणि पाच बुलबुल, सगळे मेलेले. प्रोफेसरने वहीत ओढलेल्या सात रेघा त्यांच्याच.

“रोजचंच आहे. लोक यायच्या आत उचला, असा साहेबांचा हुकूम आहे,” त्या म्हणाल्या.

तिघं तिथेच थांबली. वाचनालयाच्या उंच काचेत तळ्याकाठची झाडं आणि आभाळ जसंच्या तसं दिसत होतं. सूर्य वर आला आणि एक बुलबुल सरळ त्या खोट्या झाडांकडे झेपावला. थाडकन आवाज झाला. भुंग्याने त्याला ओंजळीत घेतलं. त्याच्या हातातच तो निपचित पडला. त्या दिवशी भुंगा पुन्हा गुणगुणला नाही.

व्यवस्थापकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांजरांचं काम असेल म्हणून त्यांना वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच मुलांनी खडूची पूड पाण्यात कालवून डाव्या अर्ध्या काचेवर थोड्या थोड्या अंतराने पट्टे ओढले. मावशींनी शिडी दिली आणि पाठ फिरवली. मग प्रोफेसरने साहेबांना फोन करून सांगितलं, की तुमची काच कुणीतरी रंगवली आहे.

साहेब धावतच आले. ते ओरडणार तोच उजव्या, कोऱ्या काचेवर पक्षी आपटला. मग दुसरा. तिसरा, एक खंड्या, त्यांच्या बुटाशी येऊन पडला. पट्ट्यांकडे एकही गेला नाही.

आठवड्याभरात सगळ्या काचेवर पट्टे आले. वाचकांच्या सभेत मुलांना पुढे बोलावलं, टाळ्या झाल्या, बाबांनी पाठ थोपटली. सभा संपल्यावर साहेब ताईजवळ आले आणि हळूच म्हणाले, “मांजर नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

ताईला वाटलं होतं, मोठ्यांना कळत नव्हतं म्हणून हे झालं. ती दोघांना घेऊन तळ्यावर गेली. ऊन चटके देऊ लागेपर्यंत तिघं काठावर बसून राहिली.

एकही पक्षी आला नाही.