घरकुलाच्या तीन अटी

कोंडाबाईचं घर चोरीला गेलं होतं. घरातलं सामान नव्हे. घर.

विस्तार अधिकारी मडिवाळप्पा बौद्धवाड्यातल्या त्या रिकाम्या जागेवर उभा होता. दक्षिणेला दाराचा उंबरा. पूर्वेच्या कुडाच्या खुणेशी जुनी काळी चूल. खांबांचे खड्डे. उन्हात मांडलेली गाडगी, आणि त्यांच्याशेजारी कोंडाबाई.

जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. गावाला घरकुल एक. यादी उद्या लातूरला पोचायची होती. पहिलं नाव कोंडाबाईचं, दुसरं साहेबरावांचं. हे साहेबराव गेल्या महिन्यापर्यंत सोळा एकरांचे मालक होते. गरिबी त्यांना नुकतीच लागली होती, पडसं लागावं तशी.

*अट पहिली: अर्जदार गावचा कायम रहिवासी असावा.*

"बाई, गाव सोडून गेलात म्हणे?"

"तलावाच्या कामावर खडी फोडून राहिले, साहेब. चार कोसावर. त्याला गाव सोडणं म्हणत्यात व्हय?"

"घर शेवटचं कधी बघितलं?"

"बुधवारी सकाळी. पीठ न्यायला आले तवा उभं व्हतं. सारं गाव देवणीच्या बाजाराला निघालं व्हतं."

ग्रामसेवक व्यंकटीनं कागद पुढं केला. "गुरुवारी पाहणी केली, साहेब. जागा रिकामी. कायम स्थलांतरित. नाव कमी." माशी झटकावी तसं म्हणाला.

*अट दुसरी: अर्जदार भूमिहीन असावा.*

"वाटणी झाली," साहेबराव म्हणाले. "सगळी जमीन थोरल्या भावाकडं गेली. म्या उघडा पडलो." बोलता बोलता बोटातली अंगठी खिशात गेली.

*अट तिसरी: अर्जदाराला पक्कं घर नसावं.*

साहेबरावांची झोपडी गावाबाहेर, गायरानाच्या कडेला. दार पूर्वेला. आग्नेय कोपऱ्यात सारवलेली चूल, राखेचा कण नाही. दारावरचं छप्पर मात्र आतून तव्यासारखं काळं.

"किती दिवस राहता इथं?"

"महिना झाला की."

"स्वैपाक?"

"बायको करती. ह्याच चुलीवर."

"ह्यांची पाहणी कधी केली, ग्रामसेवक?"

"मंगळवारी. लिवलंय की, झोपडीत सहकुटुंब राहतात."

मडिवाळप्पानं वर बघितलं, खाली बघितलं. माणसं खोटं बोलतात याचं त्याला काही वाटत नसे. इतकं आळशी खोटं बोलतात, याची किळस येई.

*उलगडा*

झोपडीपुढं गाव जमलं. मडिवाळप्पा छत्रीच्या टोकानं दाखवू लागला.

"चूल इथं कोपऱ्यात, धुराचा थर तिथं दारावर. माणूस दारात बसून रांधतो काय? हे छप्पर दुसऱ्या चुलीवर काळं झालंय. जिची चूल पूर्वेच्या कुडाशी होती, तिच्या."

कोंडाबाई पुढं सरकली.

"बुधवारी गाव बाजारात. बैल चारा छावणीत, म्हणून गड्यांनी खांद्यावर अख्खं छप्पर आणलं, होतं तसंच, त्याच दिशेनं ठेवलं. पण दक्षिणेचं दार साहेबरावांना अशुभ! दुसऱ्याचं दारिद्र्य चाललं, अपशकुन चालेना. दार पूर्वेला काढलं, चूल आग्नेयेला मांडली. चूल हलवता आली, काजळी नाही."

"ग्रामसेवकानं सांगितलं तसं केलं म्या!" साहेबराव ओरडले.

"ठाऊक आहे. मंगळवारी त्यांनी जी झोपडी बघितली, तिचं छप्पर बुधवारी सकाळी बाईच्या घरावर होतं. अटी पाठ असलेला गावात एकच माणूस. एका छपरात दोन कामं केली त्यानं. एक अर्जदार बेघर केली, एक पात्र केला."

व्यंकटी घाम पुसू लागला. "साहेब, समजून घ्या..."

"समजलं. चौकशीत सांगा."

मडिवाळप्पानं यादी मांडीवर घेतली. दुसरं नाव खोडलं. पहिल्या नावापुढं सही केली.

"बाई, घरकुल तुमचं."

"ते बांधून व्हईस्तोवर म्या कुठं निजू?"

कोंडाबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. पदर खोचला, खांब हलवून बघितला.

"साहेबराव, ह्यो कोपरा धरा. ग्रामसेवक, तुमी त्यो. हाव, तुमीच. आन् खाली ठिवायचं न्हाई मधी कुठं."

मागचे कोपरे गड्यांनी धरले, गाव बाजूला झालं. दोघांनी छपराखाली खांदा दिला.