फुकटचे प्यादे

संध्याकाळी सहा वाजून सतरा मिनिटांनी शलाका भागवतने समोर फुकट उभे असलेले प्यादे घेतले नाही. तिने उंट एक घर मागे नेला, घड्याळाची कळ दाबली आणि चाल कागदावर लिहिली.

सांगलीच्या त्या सभागृहात तीनशेच्या आसपास माणसे होती. बोलायला मनाई होती, तरी मागच्या रांगांतून कुजबुज उठली. प्यादे सोडून देण्याची तिची ही सलग अकरावी वेळ होती.

ते प्यादे पटाच्या उजव्या कडेला, तिच्या हत्तीच्या थेट माऱ्यात होते. त्याच्या पाठीशी कोणी नव्हते. दहा वर्षांपूर्वी कोणत्याही खेळाडूने ते विचार न करता उचलले असते. पण पटावर आता नऊ मोहरे होते. हे प्यादे मारले की आठ उरणार होते, आणि आठ उरले की डाव तिथेच संपणार होता.

निकालकोशाचा नियम लागू होऊन चार वर्षे झाली होती. आठ किंवा त्याहून कमी मोहऱ्यांची जी जी मांडणी शक्य आहे, त्या प्रत्येकीचा निकाल संगणकांनी शेवटपर्यंत सोडवून ठेवला होता. अंदाज नव्हे, सिद्ध निकाल. पटाच्या घरांखाली संवेदक बसवले होते. नववा मोहरा पटाबाहेर गेला की कडेची पट्टी उजळायची, घड्याळ थांबायचे आणि पडद्यावर एक ओळ यायची: पांढरे विजयी, काळे विजयी किंवा बरोबरी. पडदा निकाल सांगे, तिथवरची वाट सांगत नसे. बुद्धिबळ महासंघाचे म्हणणे सरळ होते. उत्तर ठाऊक असलेले गणित माणसांना तासन्‌तास का सोडवायला लावायचे?

त्यामुळे अंत्यपर्व, म्हणजे मोजके मोहरे उरल्यानंतरचा खेळ, शिकवणे जवळजवळ बंद पडले. शलाकाच्या मिरजेतल्या वर्गात पालक स्पष्टच सांगत, "मॅडम, ते शेवटचं नका घेऊ. ते आता कुठे कोण विचारतं?" ती तरीही घेत असे. वर्ग निम्म्यावर आला होता.

समोर ऋत्विज पारसनीस बसला होता. वय चोवीस, नाशिकचा, गुणांकनात देशात पहिला. राष्ट्रीय स्पर्धेची ही शेवटची फेरी. बरोबरी झाली तरी जागतिक आव्हानवीर स्पर्धेतली देशाची एकमेव जागा त्याची होती. शलाकाला ती हवी तर जिंकावेच लागणार होते. ती सत्तेचाळीस वर्षांची होती आणि याच जागेच्या दारातून दोनदा परतली होती, दोन्ही वेळा अर्ध्या गुणाने.

तिच्याकडे राजा, हत्ती, उंट आणि एकच प्यादे होते. त्याच्याकडे राजा, हत्ती आणि तीन प्यादी. तिचे प्यादे त्याच्या राजाने अडवून धरले होते. कडेचे प्यादे ऋत्विजने मुद्दाम माऱ्यात सोडले होते. ते घे, आठ होऊ देत, बरोबरी मिळाली की मी मोकळा, असा त्याचा सरळ हिशेब होता. न घेतले तरी त्याचे बिघडत नव्हते. पन्नास चालींत एकही मोहरा मारला गेला नाही आणि एकही प्यादे हलले नाही, तर बरोबरी मागता येते. तो आपली प्यादी हलवणार नव्हता. एकतीस चाली होऊन गेल्या होत्या.

"बरोबरी, ताई?" त्याने हळूच विचारले.

"खेळ," शलाका मान वर न करता म्हणाली.

पंच फिरोज मणेर दोन पावले पुढे आले. "पारसनीस, तिसऱ्यांदा विचारताय. पुन्हा विचारलंत तर ताकीद लागेल."

जिंकणारी मांडणी मिळेल ही आशा शलाकाने पाचव्या तासालाच सोडली होती. ती आता वेगळेच काही जमवत होती. यंत्रावर घडलेल्या ऋत्विजच्या पिढीला बरोबरी म्हणजे यंत्राने दाखवलेले शून्य, आणि सगळी शून्ये सारखी. शलाकाच्या लेखी ती सारखी नव्हती. एक बरोबरी मोकळ्या मैदानासारखी असते, कुठूनही चालत जा. दुसरी कड्यावरच्या पायवाटेसारखी, एक पाऊल चुकले की संपले. आत्ता प्यादे घेतले असते तर ऋत्विजला सुटायला सहा वाटा होत्या. तिला त्या एकेक करून बुजवायच्या होत्या.

चौतिसाव्या चालीला तिने राजा एक घर डावीकडे नेला. एक वाट गेली. अडतिसाव्याला उंट लांबच्या कर्णावर नेऊन बसवला. आणखी दोन गेल्या. ऋत्विज पाच-दहा सेकंदांत उत्तर देत होता आणि मधल्या वेळात पाणी पीत होता. हत्ती पुढे, हत्ती मागे. त्रेचाळिसाव्या चालीला त्याने हत्ती जरा आळसातच ठेवला, एक घर अलीकडे. निकाल बदलत नव्हता, म्हणून त्याला फरक पडत नव्हता. पण चौथी वाट त्याने स्वतःच बुजवली होती. शलाकाने त्यावर चार मिनिटे घालवली. तिच्या घड्याळात आता दीड मिनिट उरले होते, अधिक प्रत्येक चालीमागे मिळणारे तीस सेकंद. सत्तेचाळिसाव्या चालीला तिने राजा पुन्हा मूळ घरी आणला. पाचवी वाट गेली. प्रेक्षकांतून कोणीतरी उसासा टाकला.

एकोणपन्नास चाली झाल्या. सात वाजून सहा मिनिटांनी तिने हत्तीने ते प्यादे मारले आणि पटाबाहेर ठेवले.

पट्टी उजळली. घड्याळ थांबले. पडद्यावर ओळ आली: बरोबरी.

टाळ्या सुरू झाल्या. ऋत्विजने उठून हात पुढे केला. शलाकाने आपले हात मांडीवरच ठेवले.

"मणेरसर, कलम सतरा," ती म्हणाली.

टाळ्या विरल्या. मणेरांनी नियमावली काढली, पाने उलटली आणि चष्मा वर सरकवून वाचले. "निकाल लागल्यापासून तासाभरात दोन्ही खेळाडूंनी लेखी संमती दिली, तर पट उघडून डाव आहे तिथून पुढे खेळवावा. मग जो निकाल लागेल तो अंतिम."

"हे कोणी वापरलंय कधी?" ऋत्विजचा हात अजून पुढेच होता.

"चार वर्षांत कोणी नाही. छापील अर्जसुद्धा नाही माझ्याकडे. हाताने लिहावा लागेल."

"लिहा," शलाका म्हणाली. मणेरांनी लिहिला. सात चौदाला तिने सही केली.

ऋत्विज हसला. "ताई, मी कशाला सही करू? माझी जागा झाली."

"झाली ना. मी कुठे नाही म्हणते?"

"मग?"

"बरोबरी आहे हे मला मान्य आहे. कशी आहे, तेवढं सांग. चाल तुझी आहे. काय खेळशील?"

"राजा..." म्हणून तो पटाकडे वाकला आणि थांबला. गेल्या तीन तासांत पहिल्यांदाच तो मोहऱ्यांकडे एवढा वेळ पाहत राहिला.

कठड्यापलीकडून त्याचे प्रशिक्षक सबनीस ओरडले, "ऋत्विज, ऊठ तिथून! तू काही देणं लागत नाहीस कुणाचं!"

"सबनीससर, आवाज नको," मणेर म्हणाले. "नाहीतर बाहेर बसावं लागेल."

"टोमणा मारताय तुम्ही," ऋत्विज शलाकाला म्हणाला.

"मारतेय. मला आजवर ज्यांनी अडवलं ती माणसं होती. आज तू अडवलंस का, एवढंच विचारतेय."

तो खुर्चीत बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "आठच्या खाली मी कधी खेळलोच नाही, ताई. कोणी खेळूच दिलं नाही."

"माहीत आहे."

"म्हणून केलंत हे."

"म्हणूनच केलं."

त्याने चालींचा कागद उलटा केला. डाव बंद होता, त्यामुळे मागे लिहायला हरकत नव्हती. समोरच्याचा कागद उलट्या बाजूने वाचायची सवय प्रत्येक खेळाडूला असते, तशी शलाकालाही होती.

तिच्या हिशेबाने आता एकच वाट उरली होती, आणि दिसायला ती वेडगळ होती. आणखी एक प्यादे मरू द्यायचे आणि हत्ती सरळ मागच्या रांगेत न्यायचा. बाकी प्रत्येक चालीला तो हरत होता, कधी बारा चालींत, कधी तीसमध्ये.

ऋत्विजने आधी राजाची चाल लिहिली. सात एकतीसला ती खोडली. मग त्याने लिहिले, हत्ती मागच्या रांगेत.

शलाकाने पापणी हलू दिली नाही. तो अधूनमधून मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता, आणि ती पटाकडे पाहत होती. तो त्या चालीवर नऊ मिनिटे बसला. ओठांत काहीतरी मोजत होता. मग त्याने तीही खोडली आणि खाली तिसरी लिहिली, हत्तीचा शह.

शहाने तो चोवीस चालींत हरत होता. तिने पुन्हा मोजले. चोवीसच.

सभागृहातून कोणी गेले नव्हते. सबनीस कठडा धरून उभे होते. दारावर सगळ्यांचे फोन जमा होते, त्यामुळे कोश उघडून पाहायची सोय कोणालाच नव्हती. एकट्या मणेरांच्या टेबलावरच्या यंत्रात उत्तर होते, आणि तास संपेपर्यंत त्यांनाही ते उघडायची परवानगी नव्हती.

"सर," ऋत्विजने विचारले, "मी सही केली आणि हरलो, तर कोशात या मांडणीपुढे काय राहील?"

"बरोबरीच," मणेर म्हणाले. "तिथे काय बदलणार?"

"आणि माझ्या नावापुढे?"

मणेरांनी नियमावली मिटली. "ते तुम्ही खेळाल तसं."

सात वाजून बावन्न मिनिटांनी ऋत्विजने अर्ज स्वतःकडे ओढला आणि पेनाचे टोपण काढले. मुदत संपायला चौदा मिनिटे होती. तिसरी चाल त्याने अजून खोडली नव्हती.