शीळ झाली का, दादा?

शेकोटीत दलदलीतून कापलेली, वाळलेली दोन ढेकळं टाका आणि जवळ सरका. ही गोष्ट तूहलची. माझ्याच तुकडीतला भालाईत. खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे... एकदाच बोलला.

सोळाशे तीन साल, आपलं आयर्लंड. इंग्रजांशी चाललेलं युद्ध संपून सात-आठ महिने झालेले. नोव्हेंबरातली, मार्टिन संताच्या सणाची आदली रात्र. पाठीवर ओटच्या पिठाची पिशवी घेऊन तूहल दलदलीतल्या वाटेने निघाला होता. पलीकडे त्याच्या धाकट्या भावाची बायको राहायची, गॉर्मला. एकटीच. भाऊ फेलिम दोन वर्षांपूर्वी याच दलदलीत गेला. तेव्हापासून दर पंधरवड्याला तूहल तिला पीठ पोचवायचा.

आमची लढाई कशी, तर इंग्रजांची रांग रस्त्याला लागली की झाडीतून भाले फेकायचे आणि पळायचं. ते चिडून मागे आले की चिखल त्यांना गिळायचा. घट्ट जमीन कुठे आहे ते फक्त आम्हाला ठाऊक. फेलिम सगळ्यात पुढे, रस्त्याला खेटून दबा धरायचा. मागे फिरायची खूण म्हणजे तूहलची शीळ, तीनदा. हाक काय, कुणीही मारेल. शत्रूकडेही आपली भाषा बोलणारे होतेच. म्हणून शीळ झाल्याशिवाय हलायचं नाही.

"जीव गेला तरी?" फेलिमने एकदा चेष्टेत विचारलं.

"गेला तरी. तुझं बूड एका जागी टिकत नाही, म्हणून सांगतोय."

मग एका सकाळी बाजूच्या माळावरून अचानक घोडेस्वार आले. फेलिम परतला नाही. "मी शीळ घातली गं, त्याला ऐकू गेली नाही," तूहलने गॉर्मलाला सांगितलं. ती चूल फुंकत राहिली.

तर त्या रात्री, वाटेच्या मध्यावर, बर्चच्या झाडीत काहीतरी हललं. हरीण असेल म्हणून तूहल थांबला.

"दादा..."

तूहलने पाठीवरची पिशवी घट्ट धरली.

"दादा, शीळ झाली का?"

फेलिमचाच आवाज. दबलेला. दबा धरलेला माणूस बोलतो तसा.

"पाय गारठलेत रे. निघू का?"

"निघ," तूहल कसाबसा म्हणाला. "निघ रे राजा. युद्ध संपलं."

झाडीत एक फांदी मोडली. मग...

"तू दादाच कशावरून? शीळ घाल."

तूहलने शिळेसाठी ओठ जुळवले. नुसता वारा निघाला. तोंड कोरडं. त्या सकाळीही असंच झालं होतं. घोडे दिसले, ओठ जुळेनात... आणि तो पळाला होता. शीळ न घालताच.

तो गुडघ्यांवर बसला. दलदलीचं पाणी ओंजळीत घेतलं. ओठ भिजवले.

एक.

दोन.

तिसरीला हुंदका फुटला. पण निघाली.

झाडीतून कुणीतरी धावत सुटलं. त्याच्या अगदी अंगावरून गेलं. दिसलं काहीच नाही.

तूहल पोचला तेव्हा गॉर्मलाचं दार उघडं होतं. ती चुलीपाशी बसली होती.

"गॉर्मला, त्या दिवशी मी..."

"माहीत आहे, भाऊजी. मी टेकडीवर गुरांपाशी होते. कान तुमच्या शिळेकडेच होते."

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुम्हीही यायचे बंद झाला असता. मग फेलिमचं नाव मी कुणापाशी काढायचं?"

तूहल दाराच्या चौकटीला धरून रडला. ती उठली. त्याच्या पाठीवरची पिशवी उतरवून घेतली.

"आज ऐकली," ती हळूच म्हणाली.

मग तिने गवताच्या अंथरुणाकडे बोट दाखवलं. एका बाजूला तिची जागा. दुसऱ्या बाजूला, दोन वर्षं कुणी न निजलेल्या गवतात, माणूसभर लांब खोलगा पडला होता. पायथ्याशी काळा, ओला चिखल.

तूहलने तिथे हात ठेवला.

गवत उबदार होतं.