पुलापासून सतरा मिनिटं

आमच्या घरात चार खोल्या पाहुण्यांच्या, एक आमची, आणि स्वयंपाकघर नवऱ्याचं. तिथे मलासुद्धा विचारून जावं लागतं. तो तीस वर्षं शहरातल्या मोठ्या हॉटेलांत आचारी होता, मी बावीस वर्षं जमिनीच्या मोजणी खात्यात. दोघांनाही कामाचा कंटाळा आला नव्हता, साहेबांचा आला होता. म्हणून डांबरी रस्ता संपतो तिथलं हे दगडी घर आणि त्याच्या मागचा माळ घेतला, आणि मुक्काम-न्याहारीचं काम सुरू केलं. रात्रीचं जेवण आम्ही देत नाही. न्याहारी मात्र अशी, की लोक दुपारचं जेवण विसरतात. लोण्यात परतलेली मश्रूम, फेसून फुगवलेलं ऑम्लेट, घरी भाजलेला पाव, संत्र्याच्या सालींचा मुरंबा. हे सगळं तो एका पिवळ्या स्टुलावर बसून चिरतो, सोलतो, कारण त्याचे गुडघे कुरकुरतात.

न्याहारी त्याची, नकाशा माझा. प्रत्येक खोलीत मी हाताने काढलेल्या नकाशाची प्रत ठेवलेली असते. जुना दगडी पूल, बंद पडलेली पाणचक्की, धबधबा आणि सूर्योदय बघायचा कडा. कुठल्या वाटेला किती मिनिटं लागतात तेही लिहिलेलं. मिनिटं अंदाजाने लिहिलेली नाहीत. प्रत्येक वाट मी तीन-तीनदा चालले आहे, घड्याळ लावून. नवरा मला फूटपट्टी म्हणतो. म्हणू दे. माझा नकाशा घेऊन निघालेला माणूस आजवर चुकलेला नाही, याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून तुम्ही मला लगेच वेड्यात काढणार नाही.

गेल्या थंडीत नवऱ्याला ताप आला. आठवड्याभरात उतरला, पण जाताना त्याचं नाक आणि जीभ दोन्ही घेऊन गेला. कांदा करपला तरी कळेना. कॉफी म्हणजे गरम पाणी, पाव म्हणजे पुठ्ठा, हे त्याचेच शब्द. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने वाट बघा, नंतरचं सांगता येत नाही. सहा महिने होऊन गेले.

पाहुण्यांना आम्ही पत्ता लागू दिला नाही. तो आठवणीने आणि मापाने रांधायचा, मी चाखायची. मधल्या दाराला लागूनच जेवणघर, त्यामुळे तोंडाने काही बोलायची सोय नव्हती. मग आम्ही खूण ठरवली. मी चाखल्यावर चमच्याने भांड्याच्या काठावर वाजवायचं. एक ठोका म्हणजे झकास, दोन म्हणजे मीठ कमी, तीन म्हणजे बाहेर पाठवू नकोस. माझ्या जिभेला मीठ-साखरेपलीकडे फारसं कळत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण दुसरी जीभ आणणार कुठून?

एका सकाळी मला तीन ठोके वाजवावे लागले. लोण्याला खवट वास येत होता आणि त्याने त्यातच मश्रूम परतली होती. त्याने कढई उतरवली, ॲप्रन काढून खुंटीला लावला.

"हा हंगाम संपला की बंद करू," तो म्हणाला.

"काय बंद करू?"

"हे सगळं. पाहुणे. ज्याला स्वतःला चव कळत नाही त्याने लोकांना खाऊ घालायचं, ही लबाडी आहे गं. मला नाही जमत."

मी एरवी भांडले असते. नाकावर माशी बसू न देणारी बाई आहे मी. पण त्याचा चेहरा बघितला आणि कढई उचलून घासायला घेतली. हा माणूस चुलीपासून दूर बसून करणार काय? भिंतीकडे बघणार. मला त्याची भीती वाटली, आणि ती भीती पुढे किती तरी दिवस उठताबसता माझ्याबरोबर होती. हंगाम संपायला सात आठवडे उरले होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशीची गोष्ट. एक निवृत्त शिक्षक जोडपं उतरलं होतं. बाईंनी न्याहारीच्या टेबलावर कागदी पिशवीतून पाच आलुबुखार काढून ठेवले.

"बाग सुरेख आहे हो तुमची. पण नकाशात इतक्या बारीक अक्षरात का लिहिलंत? चष्मा लावूनही दिसेना."

"कुठली बाग?"

"पुलापलीकडची. तिथल्या आजींनी ही फळं तुमच्या यजमानांसाठी दिली आहेत. त्यांच्याच हातात द्या म्हणाल्या."

पुलापलीकडे बाग नाही. तिथे आमचाच माळ आहे, चढाचा, दगड आणि खुरटं गवत. त्याची इंच न् इंच मोजणी मी केली आहे. मी त्यांच्याकडून नकाशा मागून घेतला. पुलापासून वर एक तुटक रेघ गेली होती, टोकाला ओळीने बारीक गोल, आणि शेजारी लिहिलेलं, '१७ मि.' हिरव्या शाईत. अक्षर माझं. आकडा उलटा वाचला जाऊ नये म्हणून सातच्या खाली छोटी रेघ ओढायची माझी खात्यातली सवय आहे. ती रेघही होती.

कपाटातून मूळ नकाशा काढला. त्यात यातलं काहीच नव्हतं.

मला पहिल्यांदा आला तो राग. माझ्या नकाशात ढवळाढवळ! तणतणत स्वयंपाकघरात गेले, फळं नवऱ्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"तूच काढली असशील रेघ. विसरली असशील."

"मी? विसरले?"

तो हसला. बोलता बोलता त्याने एक फळ कापलं आणि जुन्या सवयीने नाकाशी धरलं. मग हसायचा थांबला. एक फाक तोंडात टाकली. सुरी खाली ठेवली.

"आंबट आहे," तो म्हणाला. "सालीपाशी आंबट. आत गोड, आणि बीजवळ जरासं तुरट. थांब, बोलू नकोस."

मी बोलतच नव्हते. तो मोरीपाशी उभा राहून एकामागून एक फळं खात होता, रस कोपरापर्यंत ओघळत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पाचही संपल्यावर त्याने कॉफीचा डबा उघडून नाक खुपसलं. काही नाही. पाव चावून बघितला. पुठ्ठा. त्या फळापुरतीच जीभ जागी झाली होती.

दुसऱ्या दिवशी न्याहारी उरकल्यावर मी पुलावर जाऊन घड्याळ बघितलं. घड्याळ मी मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते. मोजणीची फीत ओढताना काच फुटू नये म्हणून लागलेली सवय, ती सुटली नाही. नेहमीच्या चालीने चढ चढले. सतरा मिनिटांनी थांबले. दगड, खुरटं गवत, वारा. झाड म्हणून एकही नव्हतं.

पण डोक्याच्या वर हातभर उंचीवर गांधीलमाश्या घिरट्या घालत होत्या. पिकलेल्या फळांनी लगडलेल्या फांदीभोवती घालतात तशा. दहा पावलांवर आणखी एक घोळका, त्यापुढे दहा पावलांवर आणखी एक. आणि जास्त पिकलेल्या आलुबुखारांचा वास, अगदी दाट. मी हात वर करून चाचपडले. हाताला काही लागलं नाही. एक माशी मात्र चावली, आणि ती सूज घरी आल्यावरही होती.

मी सगळ्या प्रती फाडून नव्या काढल्या. तरी आठवड्यातून एक-दोघांच्या प्रतीवर ती रेघ उमटायचीच. तिकडे काही नाही, असं ज्यांना मी आधी सांगितलं ते हात हलवत परत आले. ज्यांना काही बोलले नाही ते फळं घेऊन आले. हे दोनदा झाल्यावर मी कानाला खडा लावला आणि तोंड बंद ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचा नकाशा लोकांच्या हातात दिला. झोप गेली, पण दिला.

मुक्कामाला आलेल्या एका परिचारिकेने फळांची टोपली ठेवता ठेवता विचारलं, "त्या आजी तुमच्या कोण लागतात?"

"का?"

"घड्याळ तुमच्यासारखंच आतल्या बाजूला बांधलंय. मी पोचल्या पोचल्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, सतरा मिनिटं लागली ना?"

माझी नजर माझ्याच मनगटाकडे गेली. "आणखी काही म्हणाल्या?"

"बिया फेकू नका म्हणाल्या. धुऊन, वाळवून ठेवा."

त्या दिवसापासून बिया वाळवून बरणीत टाकायला लागले. किडक्या आणि चिरलेल्या तेवढ्या काढून टाकायचे.

नवऱ्याने त्या फळांचा मुरंबा केला, आणि मुरंबा लावलेल्या पावाची त्याला चव लागली. मग नुसत्या पावाची. पाचव्या आठवड्यात सकाळी सकाळी मला हाक मारली, "फूटपट्टे, कॉफीचा वास येतोय!" मी जिन्यावरून जवळजवळ पडलेच. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात मी नेहमीप्रमाणे मश्रूम चाखली आणि दोन ठोके वाजवायला चमचा उचलला.

"मीठ कमी आहे," तोच आधी म्हणाला. माझ्या हातातला चमचा काढून घेतला आणि खणात ठेवून दिला.

मी मागच्या अंगणात गेले आणि पोटभर रडले. घर बंद करायचं तो पुन्हा बोलला नाही.

शेवटचा पाहुणा एक निवृत्त बसचालक होता. एकटाच, मोजकं बोलणारा. निघताना त्याने घडी घातलेला नकाशा परत दिला.

"बाग बघितलीत?" मी विचारलं. आता मला राहवत नव्हतं.

"बघितली ना. चार रांगा, पाच-पाच झाडं. फक्त तिसऱ्या रांगेत चौथ्या जागी झाड नाही. तिथे एक स्टूल आहे. पिवळं."

आतून सुरीचा आवाज येत होता. नवरा स्टुलावर बसून काहीतरी चिरत होता.

"स्टुलावर कोण होतं?"

"कोणी नाही. आजींनी थर्मासमधून दोन कप चहा ओतला. मला वाटलं, एक माझ्यासाठी. तर तो त्यांनी स्टुलापुढे ठेवला आणि गप्पा मारत बसल्या."

"रिकाम्या स्टुलाशी?"

"हो. चांगल्या हसत होत्या." त्याने टोपी हातात फिरवली. "मी म्हटलं, वय झालंय. पण निघताना बघितलं, तर दोन्ही कप रिकामे होते."

त्याला वाटेला लावून मी बराच वेळ फाटकापाशी उभी राहिले. स्टूल कुणाचं आणि ते रिकामं का, हे मला कळलं होतं. तरी एक गोष्ट मनाला धरून राहिली. ती हसत होती.

दुपारी बरणीतल्या बिया मोजल्या. एकोणीस. पुन्हा मोजल्या. एकोणीसच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं माळावर गेलो. कुदळ, फीत, खुंट्या, थर्मास आणि दोन कप. स्टुलाचं मी त्याला अवाक्षर सांगितलं नव्हतं. खुंट्या ठोकत मी तिसऱ्या रांगेपर्यंत आले. चौथी जागा सोडून पाचवीकडे गेले.

"ही का सोडलीस?" त्याने विचारलं.

"चुकली मोजणी."

"तुझी?" तो खदखदून हसला. "लिहून ठेवायला हवं."

मग तो उताराकडे गेला, आणि झुडपाआड ठेवलेलं काहीतरी उचलून आणलं. पिवळं स्टूल.

"गुडघ्यांसाठी," तो म्हणाला. "तू हसशील म्हणून लपवलं होतं."

आणि त्याने ते तिसऱ्या रांगेत, चौथ्या जागी ठेवलं.

मी सपाट दगडावर दोन कप चहा ओतला आणि शेवटच्या रांगेकडे वळले. पाठीमागून तो म्हणाला, "साखर जरा जास्त झाली गं," आणि ते इतक्या आनंदाने म्हणाला की मी तिथल्या तिथे गुडघे टेकून माती उकरायला लागले, म्हणजे माझा चेहरा त्याला दिसू नये.

शेवटची बी लावली. हात झटकले. चहा घ्यायला आले.

माझा कप रिकामा होता.

"माझा चहा प्यालास?"

"मी? माझाच अर्धा आहे अजून." त्याने कप वाकवून दाखवला. खरंच अर्धा होता.

वारा पडला होता. मग अगदी जवळ, माझ्या खांद्यापाशी, कपाच्या काठावर चमच्याचा एक ठोका वाजला. एकच.

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

चमचा आम्ही आणलाच नव्हता.