बाईंची सोळाची एमसीबी

हात काढ तिथून! पडली ना एमसीबी? पडू दे. घटकाभर अंधारात बसलात तर कुणाचं काही बिघडत नाही. मोबाईल ठेवा खाली. आणि तू, अतिशहाण्या, मेणबत्ती लाव आणि इथं माझ्याजवळ येऊन बस.

ही गोष्ट तुमच्या काकूच्या धाकट्या भावाची. तो वायरमन होता हे तुम्हाला माहीत आहे. ते काम त्यानं का सोडलं, हे माहीत नाही. काकू समोर असली की मी सांगत नाही, ती रडायला लागते.

तर एक बाई होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या राहायच्या. मुलगा दूर नोकरीला. घर जुनं, भिंतीतला वीजबोर्ड त्याहून जुना. त्यात काळ्या, जाडजूड एमसीबी, म्हणजे वीज जास्त झाली की आपोआप पडणारे खटके. प्रत्येकीवर बाईंनी चिकटपट्टीचा तुकडा लावून निळ्या शाईनं लिहिलेलं: स्वयंपाकघर, न्हाणीघर, माझी खोली. शिक्षिकेचं अक्षर ते, छापल्यासारखं.

'माझी खोली'वाली रोज संध्याकाळी पडायची. हीटर लावला की खट्. मग बाईंचा ह्याला, काकूच्या भावाला, फोन. कोण, काय, काही नाही, एकच वाक्य, "परत पडली हो."

ह्याला वाटलं, एमसीबी म्हातारी झालीय, बदलून टाकू. ती काढली, नमुना म्हणून पिशवीत टाकली आणि निघाला दुकानं धुंडाळायला. दुकानदार ती उलटीसुलटी करून बघायचे आणि हसायचे. "अहो, हा कारखाना बंद पडून जमाना झाला!" नवीन एमसीबीचा पाय त्या जुन्या खाचेत बसेना. कुठली रुंद, कुठली लटपटणारी. जो तो एकच सांगायचा, अख्खा बोर्ड बदला आणि भिंतीतली वायरही तपासून घ्या. बाई म्हणायच्या, "मुलगा आला की करू ते सगळं. तोवर माझ्या खोलीपुरतं बघा ना. रात्री फार गारठा असतो हो."

शेवटी एका भंगारवाल्याकडे हुबेहूब तशीच मिळाली. तोच कारखाना, तोच काळा रंग, तोच पाय. फक्त ती होती बत्तीस अँपिअरची. बाईंची होती सोळाची.

आता नीट ऐका. किती वीज वाहिली की खटका पडायचा, त्याचा तो आकडा. खोलीची वायर जेमतेम सोळापुरती. तिथं बत्तीसची लावली तर वायर भाजून निघाली तरी खटका पडत नाही. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. पण ती खाचेत अशी चपखल बसली ना... इतके दिवस वणवण केल्यावर काहीतरी बसलं, त्याचाच आनंद. म्हणाला, तात्पुरती राहू दे, सोळाची मिळाली की बदलू.

"आता नाही ना पडणार?" बाईंनी विचारलं.

"नाही पडणार. निर्धास्त झोपा."

"चिकटपट्टी मी उद्या लावीन. तुम्ही निघा आता. घरी मुलगी वाट बघत असेल."

सोळाची त्यानं पुढं शोधलीच नाही. दुसरी कामं निघाली. बाईंचा फोनही बंद झाला. फोन नाही म्हणजे सगळं ठीक.

आणि एका रात्री भिंतीतून आग लागली. बाई झोपेतच गेल्या. धुरानं.

लोक म्हणाले, जुनं घर, जुनी वायर, होणारच होतं. बोर्डाचा कोळसा झालेला. ह्याला कुणी काही विचारलं नाही आणि हाही बोलला नाही. बाईंचा मुलगा आला, ह्याचा हात धरून म्हणाला, "आई तुमचं फार कौतुक करायची." घरी येताना ह्यानं पिशवीतला तो नमुना, बाईंची ती सोळाची, पुलावरून नदीत टाकली. 'माझी खोली' लिहिलेली पट्टी तशीच होती तिच्यावर. पाण्यात पडल्याचा आवाज आला, हे त्यानं मला स्वतः सांगितलंय.

तेव्हापासून त्याला घास गोड लागेना. रोज ठरवायचा, उद्या त्या मुलाला सांगून टाकू. तो उद्या काही उजाडेना.

पुढची थंडी आली. जानेवारीतला दुसरा शनिवार, रात्री दीडचा सुमार. मुलगी आतल्या खोलीत हीटर लावून झोपलेली. त्या खोलीला ह्यानंच एक बारीक वायर ओढून दिली होती. तात्पुरती! वायरमनचं स्वतःचं घर, तिथं कोण घाई करतो?

खट् झालं आणि त्या खोलीतली लाईट गेली. रस्त्यावरचे दिवे चालू होते. हा टॉर्च घेऊन बोर्डाशी गेला. झोपेतच होता. त्या खोलीचा खटका वर केला.

खट्. पडला.

परत वर केला.

खट्.

तिसऱ्यांदा हात उचलला...

"परत पडली हो."

मागून. अगदी जवळून.

टॉर्च विझली. त्याला वळवेना. धुराचा वास आला... घरात कुठंच धूर नव्हता.

"बाई..." एवढंच तोंडातून निघालं.

मग हळूच,

"राहू द्या. नका चढवू."

बस. पुढं... काही नाही. उजाडेपर्यंत तो तिथंच उभा होता. भिंतीला हात लावून. रडत.

काय रे? मुलगी? मुलगी बरी आहे, गाढ झोपलेली होती. पण सकाळी पलंग सरकवला तर मागचा प्लग वितळलेला आणि गादीची कड तपकिरी झालेली. तो खटका वर राहिला असता तर... जाऊ दे.

त्याच दिवशी तो बाईंच्या मुलाकडे गेला आणि सगळं सांगितलं. मुलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग दार लावून घेतलं. ते दार ह्याला आजही दिसतं म्हणतो. त्यानंतर त्यानं पक्कड हातात धरली नाही.

हो, एक राहिलं. त्या सकाळी त्यानं बोर्डाचं झाकण उघडलं. नवा बोर्ड, सगळ्या पांढऱ्या एमसीबी. मुलीच्या खोलीच्या जागी एक काळी. जाडजूड. सोळाची.

ती त्या बोर्डात बसूच शकत नाही रे. मी स्वतः बसवून पाहिली, उभीसुद्धा राहत नाही. आणि तिच्यावर चिकटपट्टी होती. निळी शाई, छापल्यासारखं अक्षर.

'मुलीची खोली.'