जास्तीची पाच इंजिनं

विमान-संग्रहालयाच्या दारात विमान अडकलं होतं. एक पंख आत, एक बाहेर, आणि मधोमध ते मॉडेल सांभाळत उभा असलेला, रिमझिमीत निम्मा भिजलेला एक तरुण.

"तिरकं करा ना," मागून ती म्हणाली.

"तिरकं केलं तर तोफा मोडतील."

"तोफा?" तिने चष्मा वर सरकवला. "के-सात विमानावर युद्धनौकेच्या तोफा? आणि इंजिनं... बारा?"

"इंटरनेटवर फोटो आहे."

"फोटो नाही, चित्र आहे. कुणीतरी कॉम्प्युटरवर रंगवलेलं. सोव्हिएत लोकांनी उडवलं त्याला इंजिनं सात — सहा पुढे, एक मागे. थोडेच महिने उडालं, मग पडलं. माणसं गेली हो त्यात. ते पुरेसं नाही का? वर तोफा कशाला?"

त्याने तोफांकडे पाहिलं. मग तिच्याकडे. तोफांपेक्षा जरा जास्तच वेळ.

संग्रहालयात येणारी वस्तू खरी की खोटी, हे तपासणं तिचं काम. तिच्या सहीशिवाय साधा खिळाही काचेच्या कपाटात जात नसे. सगळे तिला तपासनीसबाई म्हणत. घरी आत्या कपाळाला हात लावी.

"अगं, मुलाने उंची दोन बोटं वाढवून सांगितली म्हणून चांगलं स्थळ घालवलंस!"

"खोटं ते खोटंच, आत्या."

"बरं. मग खऱ्याची वाट बघत बस. चष्मा आहेच सोबतीला."

पुढच्या आठवड्यात मॉडेलवाला पुन्हा हजर. तोफा गेल्या होत्या, इंजिनं सात झाली होती. पण चाकं चुकली होती. त्यानंतर शेपटी चुकली. मग खिडक्या. दर खेपेला एकच चूक, आणि ती पाहायला दोघांना एकाच भिंगावर वाकावं लागे. त्याच्या बाहीला ओल्या रंगाचा वास येई. रंगाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं... हल्ली दुखत नव्हतं.

"मुद्दाम चुकता का हो?"

"छे! एवढी अक्कल असती तर आधी दार मोजलं असतं."

मग एकदा तो आला. विमान टेबलावर ठेवून बाजूला उभा राहिला. तिने चाकं पाहिली, शेपटी पाहिली, खिडक्या पाहिल्या. भिंग पुसून पुन्हा पाहिल्या. चूक म्हणून औषधाला सापडेना.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "पहिल्या चुका माझ्या अडाणीपणाच्या. नंतरच्या... मुद्दाम केलेल्या. पण तुम्हाला खोटं चालत नाही. म्हणून आज सगळं खरं आणलंय. सही झाली की मी निघालो — समुद्राकाठच्या संग्रहालयात जहाजांचं काम मिळालंय. इथलं काम उरलं असतं, तर नको म्हणालो असतो."

तिने पेन उघडलं. कागदापर्यंत नेलं. बाहेर कुठेतरी पन्हाळीतून शेवटचे थेंब पडत होते.

"इंजिनं कमी आहेत," ती म्हणाली.

"अहो, सातच होती ना?"

"बारा." तिचे कान लाल झाले होते, पण आवाज हलला नाही. "इंटरनेटवर फोटो आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग सावकाश खुर्ची ओढून बसला.

"पाच इंजिनं वाढवायची म्हणजे... घाई केली तरी वेळ लागणार."

"घाई कुणी सांगितलीय?"

तिने पेनाला टोपण लावलं आणि उठून दारही लावून घेतलं. पाऊस आत येतोय, म्हणाली.

पाऊस केव्हाच थांबला होता. पण ते तपासायला तिथे दुसरं कुणी नव्हतं.