उशाशी ठेवलेली खुर्ची

थर्मामीटरची बॅटरी आणायला खाली गेलो होतो, एवढंच. औषधाच्या दुकानातला माणूस काही केल्या वर यायला तयार नव्हता. त्यानं पिशवी खालच्या दाराच्या कडीला अडकवली, फोन केला आणि पसार झाला. लिफ्ट बंद होती. मी स्वतः लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, आणि माझ्याच इमारतीची लिफ्ट साथीच्या भीतीनं बंद ठेवलेली. घ्या आता! जाताना बाहेरून कुलूप घातलं, कारण आत मुलगी एकटी होती आणि तापानं फणफणली होती.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. सहा वर्षांची आहे, एका जागी बसेल तर शपथ. तिची आई मुलांच्या वॉर्डात नर्स. साथ सुरू झाल्यापासून तिला घरी यायची बंदी होती. हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि फोनवरून आमचा संसार हाकायची. साध्या पाण्याच्या पट्ट्या ठेवा, बर्फ नको. घोट घोट पाणी पाजा. अंगावर पांघरुणं रचू नका. मी आपला हो हो करायचो. मला यंत्रातलं कळतं, पोरांच्या तापातलं काय कळणार, कपाळ? माझ्या पट्ट्या नुसत्या गळायच्या. पाणी तिच्या डोळ्यांत, कानांत, उशीवर. "बाबा, तुला येतच नाही!" म्हणून ती रडायची.

वर आलो, कुलूप काढलं. घरात जंतुनाशकाचा वास असायचाच, पण त्या दुपारी त्यात साबणाचा वास होता, कुणीतरी नुकतेच हात धुतल्यासारखा. भिंगरी शांत झोपली होती. कपाळावरच्या पट्टीची चौपदरी घडी होती आणि तिचा एक कोपरा आत खोचलेला होता. पाण्याचा थेंब गळत नव्हता. हात लावून पाहिला तर पट्टी गार. मी ठेवलेली पट्टी एव्हाना तापायला हवी होती.

म्हटलं, आपणच घातली असेल घडी. इतकी जागरणं झाल्यावर माणसाचं काय खरं! बॅटरी घातली, ताप पाहिला. थोडा उतरला होता. मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू, डोळ्यांत पाणीच आलं.

मग तिच्यासाठी सूप करायला स्वयंपाकघरात गेलो. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्या दिवसांतली शांतता तुम्हाला आठवत असेल, स्वतःचा श्वास ऐकू यायचा. आणि त्या शांततेत आतल्या खोलीतून आवाज आला. रबरी चपलांचा. चट... चट... चट... मग थांबला. मग फडकं पिळल्याचा आवाज, आणि वाडग्यात पडणारं पाणी.

गॅस तसाच ठेवून मी धावलो. खोलीत कुणी नव्हतं. पट्टी बदललेली होती. वाडग्यातलं पाणी अजून हलत होतं.

"भिंगरे... कोण आलं होतं?"

तिनं डोळे अर्धवट उघडले. "हळू बोल ना बाबा... मावशी दमलीये."

"कुठली मावशी?"

"पट्टीवाली. ती नुसती उभीच असते. तिला बसायला दे ना काहीतरी."

अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा बरं वाटलं. हसू नका. कितीतरी दिवस मी त्या घरात एकटा, आजारी पोर घेऊन. शेजारी आमच्या दाराला वळसा घालून जायचे. आणि आता कुणीतरी माझ्यापेक्षा चांगलं करणारं आलं होतं. ते कोण, कुठून आलं, हे विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला, तिथली खुर्ची उचलली आणि भिंगरीच्या उशाशी नेऊन ठेवली. वर त्या रिकाम्या खुर्चीला म्हणालो, "बसा."

आणि दार ओढून घेऊन बाहेरच्या सोफ्यावर टेकलो. आतून खुर्चीचा आवाज आला. कुणीतरी जडपणे बसावं तसा. मी डोळे मिटले.

फोननं जागा झालो तेव्हा खिडकीतला उजेड पिवळट झाला होता. बायकोचा व्हिडिओ कॉल होता. मास्कचे वळ तिच्या गालांवर तसेच होते.

"कशी आहे?"

"झकास," मी म्हणालो. "ताप उतरलाय, हूं की चूं नाही. बघ." आत जाऊन फोन भिंगरीच्या तोंडासमोर धरला.

बायकोनं चेहरा फोनजवळ आणला. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "अहो... ही पट्टी कुणी ठेवली?"

"का? बरोबर नाही?"

"ती घडी... तो कोपरा आत खोचलेला... तसं फक्त आमच्या मोठ्या सिस्टर करायच्या. मला इतक्या वर्षांत कधी जमलं नाही."

"मग बोलावलंस का त्यांना? बाई फार चांगली आहे, पण निदान सांगायचं तरी..."

"मोठ्या सिस्टर गेल्या. याच आजारानं. मागच्याच आठवड्यात. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नाही." बोलता बोलता तिची नजर भिंगरीच्या पलीकडे गेली. "उशाशी खुर्ची का आहे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"ऐका. वॉर्डात ज्या मुलाचं आता काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणायचे, त्या मुलाचा बेड मोठ्या सिस्टर स्वतःकडे मागून घ्यायच्या. लेकरानं एकटं जाऊ नये म्हणून. दुसऱ्या मुलाजवळ त्या कधी बसल्याच नाहीत... कळतंय का तुम्हाला? तिचा फ्रॉक वर करा. बरगड्या दाखवा मला. आत्ता!"

मी फ्रॉक वर केला. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. ओठ निळसर झाले होते. शांत झोपली म्हणून मी ज्यावर खूश होतो, ती झोप नव्हतीच. माझ्या पोरीला श्वास पुरत नव्हता. ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिच्या बोटाला लावलं. आकडा पाहून बायको किंचाळली, "उचला तिला! ॲम्ब्युलन्सची वाट बघू नका, गाडीत घाला!"

मी एक हात मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि उचलायला गेलो. उचलता येईना. तिचा डावा हात खुर्चीकडे पसरलेला होता आणि बोटं मिटलेली होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखी. मी ओढलं. पलीकडून कुणी ओढत नव्हतं, पण सोडतही नव्हतं. साबणाचा वास इतका दाट झाला की मला ठसका लागला.

"सिस्टर," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "सिस्टर, तुमचे फार उपकार झाले. पण सोडा. आम्हाला ही एकच आहे हो..."

थोडा वेळ काही झालं नाही. मग भिंगरीची बोटं एकेक करून उघडली.

जिना कसा उतरलो, माझ्या हत्यारांच्या गाडीत तिला कशी निजवली, रस्त्यात किती सिग्नल तोडले, काही विचारू नका. हॉस्पिटलच्या दारात तिची आई उभीच होती. भिंगरीला ऑक्सिजन लावला, नळ्या लावल्या. काचेबाहेर उभा राहून मी लहान मुलासारखा रडलो.

वाचली आमची भिंगरी. नळ्या निघाल्या, ओठांवर रंग आला, आणि मुलांच्या वॉर्डात हलवल्यावर बाईसाहेबांनी पहिली तक्रार केली ती उशी टोचते म्हणून. मला मास्क चढवून तिच्याजवळ बसायची परवानगी मिळाली. बायको ड्युटीवरच होती, येता-जाता तिच्या केसांतून हात फिरवायची. शेजारच्या बेडवर एक मुलगा होता, भिंगरीएवढाच, खोडकर. त्याला घरी सोडायचं ठरलं होतं. त्याची आई पिशव्या भरत होती आणि तो बिस्किटं खात, पाय हलवत बसला होता.

भिंगरी बराच वेळ त्याच्याकडे बघत होती. मग मला म्हणाली, "बाबा, पट्टीवाली मावशी आता त्याच्याकडे आलीये."

बायकोच्या हातातला औषधाचा ट्रे खण्णकन पडला. ती धावली, मुलाच्या बोटाला यंत्र लावलं, छाती तपासली, डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी पाहिलं, आकडा पाहिला, हसले. "ठणठणीत आहे हो सिस्टर. तुम्हीच जरा आराम करा."

डॉक्टर गेले तरी बायको गेली नाही. ती त्या मुलाच्या उशाशी, बेडच्या काठावर घट्ट बसून राहिली.

मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पाठीमागे पाहिलं, आणि अगदी शहाण्यासारखा म्हणाला, "मावशी, तुम्ही थोडं सरकता का? त्यांना बसायला जागाच उरली नाहीये."

माझी बायको जागची हलली नाही.